खोक्यावर २४ बिट, आत १६

‘घरगुती गिटार रेकॉर्डिंगचा संपूर्ण संच’ या नावाने मला विकण्यात आलेल्या एका खोक्यात प्रत्यक्ष काय निघाले, आणि जे सांगितले होते त्यापैकी काय निघाले नाही, याचा हा वृत्तान्त आहे. संचात गिटारचा आवाज संगणकात नेणारा एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस, ‘फक्त खोके उघडलेला, न वापरलेला’ असे वर्णन असलेला शूअर एसएम५७ माइक, सरावासाठी एक छोटा ॲम्प आणि ॲम्प-सिम्युलेशनच्या, म्हणजे संगणकातच ॲम्पसारखा आवाज करून देणाऱ्या, सॉफ्टवेअरचा परवाना, असा ऐवज होता. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण असा माल विकणारा तो एकटा नाही आणि नाव बदलून पुन्हा उभे राहणे या धंद्यात अवघड नसते. पैसे देण्यापूर्वी मी त्याला लेखी विचारले होते की इंटरफेस खरोखर २४ बिटचा आहे का (बिट जितके जास्त तितकी आवाजाची नोंद बारीक), गिटार थेट जोडण्यासाठी त्यात हाय-झेड, म्हणजे उच्च अवरोधाचे, इनपुट आहे का, त्याचा स्वतःचा एएसआयओ, म्हणजे कमी विलंबाचा, ड्रायव्हर आहे का आणि सॉफ्टवेअरचा परवाना कोरा आहे का. प्रत्येक प्रश्नाला ठाम होकार आला आणि सोबत ‘याच इंटरफेसवर केलेले’ म्हणून एक सुरेख रेकॉर्डिंगही आले.

पहिली शंका कानाला आली. हेडफोनमध्ये गिटारचा आवाज घोंगडीखालून यावा तसा येत होता आणि वरच्या दोन तारांची धार पूर्ण बोथट झाली होती. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ (इन्स्ट्रुमेंट, म्हणजे वाद्यासाठी) लिहिलेले बटण होते. ते दाबले काय, सोडले काय, आवाजात तसूभरही फरक पडत नव्हता. गिटारचा साधा, बॅटरी नसलेला पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) म्हणजे हजारो वेढ्यांचे वेटोळे असते. मीटरवर त्याचा रोध काही किलोओहम दिसत असला, तरी वरच्या कंपनसंख्यांना त्याचा अवरोध पुष्कळ वाढतो, म्हणून पुढच्या उपकरणाचे इनपुट साधारण १ मेगाओहमचे असावे लागते. तोच पिकअप १० किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडला तर सिग्नल दबतो, आणि सर्वांत आधी बळी जातो तो उंच स्वरांचा. हे केवळ कानावर सोडायचे नसेल तर पडताळण्याची एक सोपी रीत आहे. फोन तारेने इनपुटला जोडून एक स्थिर स्वर वाजवावा, त्याची पातळी रेकॉर्डिंगमध्ये पाहावी, मग त्याच तारेत १ मेगाओहमचा रेझिस्टर ओळीने जोडून पुन्हा पाहावी. इनपुट खरोखर १ मेगाओहमचे असेल तर पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. माझ्याकडे ती जवळजवळ ४० डेसिबलने कोसळली, म्हणजे इनपुट १० किलोओहमच्या आसपासचे होते आणि ‘इन्स्ट’ हे बटण केवळ शोभेचे होते.

बिटांच्या बाबतीतली लबाडी अधिक बेमालूम होती. उपकरण जोडल्यावर संगणकाने ते ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ अशा अगदी सर्वसाधारण नावाने ओळखले आणि पर्यायांत १६ बिट व जास्तीत जास्त ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार नमुने) एवढेच दाखवले. विक्रेत्याला कळवल्यावर ही विंडोजची मर्यादा आहे, आमचा ड्रायव्हर टाका, असे उत्तर आले. तो ड्रायव्हर म्हणजे कोणालाही फुकट मिळणारा एएसआयओफोरऑल निघाला. त्या सॉफ्टवेअरमध्ये वाईट काही नाही, अडचणीच्या वेळी ते अनेकांच्या उपयोगी पडते. परंतु विंडोजच्या मूळ ऑडिओ ड्रायव्हरवर बसवलेला तो एक दुभाष्या आहे, एखाद्या उत्पादकाने स्वतःच्या उपकरणासाठी लिहिलेला ड्रायव्हर नव्हे. गोम अशी की रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला २४ बिटची फाइल करायला सांगितले की ते निमूटपणे तशी फाइल करून देते आणि फाइलच्या माहितीत २४ हा आकडा पाहून बहुतेकांचे समाधान होते. मी ती फाइल बिट मीटरच्या, म्हणजे कोणते बिट वापरात आहेत ते दाखवणाऱ्या, प्लगइनमधून पाहिली. वरचे सोळा बिट हलत होते, खालचे आठ बिट गाणे सुरू असतानाही आणि शांततेतही कायम शून्य होते. फाइल मोठी, माल तेवढाच.

इंटरफेसचे कवच उघडून पाहिले तेव्हा आत पीसीएम२९०२ ही चिप होती. तिच्या उत्पादकाने स्वतःच्या माहितीपत्रकात ती १६ बिटची आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंतची असल्याचे स्वच्छ लिहिलेले आहे, त्यामुळे चिपला दोष देता येत नाही. खोक्यावर मात्र ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ असे सोनेरी अक्षरांत छापले होते. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सीडी १६ बिटची आणि ४४.१ किलोहर्ट्झचीच असते, एका बिटामागे सुमारे ६ डेसिबल धरले तर १६ बिटांना ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, आणि सिंगल कॉइल पिकअपची स्वतःची घरघर त्या पल्ल्याच्या तळापेक्षा कितीतरी वर असते. २४ बिटचा घरच्या वादकाला होणारा खरा फायदा असा की रेकॉर्डिंगची पातळी निर्धास्तपणे खाली ठेवता येते, एखादा झटका जोरात बसला तरी आवाज फाटत नाही, आणि नंतर पातळी वाढवली तरी खरखर उफाळून येत नाही. सोळा बिटचे उपकरण सोळा बिटचे म्हणून विकले असते तर सरावासाठी ते कोणीही आनंदाने घेतले असते.

मग ते नमुन्याचे सुरेख रेकॉर्डिंग कोठून आले? ती फाइल ९६ किलोहर्ट्झची होती, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण कमी दराची फाइल वाढवून तशी करता येते. परंतु तिचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येचा आवाज किती याचा आलेख, काढल्यावर २४ किलोहर्ट्झच्या वरही मंद, सलग फुसफुस दिसत होती. ४८ किलोहर्ट्झने नमुने घेणारे उपकरण २४ किलोहर्ट्झच्या वरचे काहीही टिपू शकत नाही, हा नायक्विस्टचा मूलभूत नियम आहे. वाढवलेल्या फाइलमध्ये त्या रेषेच्या वर रिकामी जागा दिसते. सबब ती फाइल दुसऱ्याच, बऱ्याच चांगल्या इंटरफेसवर केलेली होती. विक्रेत्याकडून नमुना मागायचाच असेल तर गिटारचा, कोणताही इफेक्ट न लावलेला, कच्चा ट्रॅक मागावा आणि त्याच्या आधी-नंतरची काही क्षणांची शांतता न कापता पाठवायला सांगावे. शांततेत उपकरणाचे खरे रूप ऐकू येते. भरपूर डिस्टॉर्शन आणि रिव्हर्बखाली सगळेच इंटरफेस सारखे वाटतात.

‘शून्य लेटन्सी’, म्हणजे विलंब अजिबात नाही, हा दावा तर शब्दशः खरा होता आणि तरीही दिशाभूल करणारा होता. डायरेक्ट मॉनिटरिंगचे बटण दाबल्यावर गिटारचा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनकडे वळतो, तेव्हा विलंब जाणवत नाही. मात्र त्या वेळी ऐकू येते ती कोरडी, ॲम्प नसलेली गिटार. ॲम्प-सिम्युलेशन लावून वाजवायचे तर आवाजाला संगणकात जाऊन परत यावेच लागते, आणि घरी सराव करणाऱ्याला नेमके तेच हवे असते. ४८ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांचा बफर (तात्पुरता साठा) म्हणजे एका बाजूचे सुमारे २.७ मिलिसेकंद, जाणे-येणे, कन्व्हर्टर आणि यूएसबीची राखीव जागा धरून चांगल्या ड्रायव्हरने एकूण विलंब दहाच्या आसपास राखता येतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंद हे ॲम्पपासून साडेतीन मीटरांवर उभे राहून वाजवण्यासारखे झाले, आणि ते कोणालाही खटकत नाही. या संचात आवाज न तुटता मिळणारा सर्वांत कमी विलंब ३० मिलिसेकंदांच्या वर होता. जलद पिकिंग करताना हात आणि कान यांची फारकत होते. हे मोजण्यासाठी आउटपुटमधून इनपुटमध्ये एक केबल जोडावी, एक टिक वाजवून रेकॉर्ड करावा आणि दोन टिकांमधले अंतर मोजावे. सॉफ्टवेअरच्या खिडकीत दिसणाऱ्या विलंबाच्या आकड्यावर विसंबू नये, कारण तो आकडा ड्रायव्हर सांगेल तो असतो.

‘४८ व्होल्ट’ लिहिलेले फँटम पॉवरचे, म्हणजे माइकला केबलमधूनच वीज पुरवण्याचे, बटण दाबल्यावर लाल दिवा लागत असे, पण मल्टिमीटरने माइकच्या एक्सएलआर जोडणीच्या पिन १ आणि २ मध्ये मोजले असता जेमतेम १२ व्होल्ट आले. माइक न जोडता मोजल्यास तेथे ४४ ते ५२ व्होल्ट यायला हवेत. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पसमोर ठेवायच्या डायनॅमिक माइकला फँटम पॉवर लागत नाही, म्हणून माझे यात अडले नाही. ज्याला पुढे ही वीज लागणारा कंडेन्सर माइक घ्यायचा आहे त्याने मात्र दिव्यावर जाऊ नये.

एसएम५७ ची गोष्ट वेगळी, कारण येथे आकड्यांची फुगवाफुगव नसून सरळ बनावट वस्तू होती. हा माइक १९६५ साली बाजारात आला, ॲम्पच्या जाळीला जवळजवळ टेकवून गिटार टिपण्यासाठी तो जगभर वापरला जातो, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही अमाप निघतात. खोके, पाऊच, पट्टी, सगळे हुबेहूब असते, तेव्हा त्यावरून निदान करण्यात अर्थ नाही. खऱ्या माइकचे वजन सुमारे २८४ ग्रॅम असते. माझा काट्यावर ठेवताच स्पष्टपणे हलका भरला. खऱ्याच्या एक्सएलआर टोकाला पिनांजवळ १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, माझ्याकडे ते नव्हते. मधला आटा फिरवून माइकचे दोन भाग वेगळे केले तर खऱ्याच्या दांड्यात ट्रान्सफॉर्मर असतो, माझ्या दांड्यात फक्त दोन बारीक तारा लोंबत होत्या. आवाज यायचा, आणि तो अगदीच टाकाऊ होता असेही नाही. पण मध्यम स्वर पोकळ आणि वरचे स्वर कर्कश होते, आणि खऱ्याच्या तोडीचे मोल घेऊन ते मला विकले होते. ‘फक्त खोके उघडलेला’ हे शब्द अशा मालाला फार सोयीचे पडतात, कारण अधिकृत विक्रेत्याचे बिल नसण्याचे कारण त्यातच दडलेले असते.

सरावाच्या ॲम्पवर १०० वॉट लिहिले होते. ते खोटे ठरवायला तो चालू करण्याचीही गरज नव्हती, कारण त्याच्या ॲडॅप्टरवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर असे छापलेले होते. दोहोंचा गुणाकार १८ वॉट होतो आणि भिंतीतून १८ वॉट घेणारे यंत्र सलग १०० वॉट बाहेर टाकू शकत नाही. असले मोठे आकडे बहुधा पीएमपीओ या क्षणिक शिखराच्या नावाखाली येतात. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सलग शक्तीचा, आकडा. तसे पाहता घरच्या खोलीत पाच-दहा वॉट पुरून उरतात, आणि वॉट दहापट केल्याने आवाज कानाला दहापट नव्हे, साधारण दुप्पट वाटतो.

सॉफ्टवेअरच्या परवान्याबद्दल फार लिहीत नाही. संकेतांक टाकल्यावर तो आधीच दुसऱ्याच्या नावे नोंदवलेला असल्याचा संदेश आला. इंटरफेससोबत येणारे सॉफ्टवेअर बहुधा उपकरणाच्या अनुक्रमांकाशी बांधलेले असते आणि पहिल्या मालकाने ते नोंदवले की दुसऱ्याला सहसा मिळत नाही, हे जुना माल घेणाऱ्या प्रत्येकाने गृहीत धरावे. संचाच्या किमतीचा एक भाग या परवान्यापोटी लावलेला असेल तर तो आधीच वजा करायला लावावा. ॲम्प-सिम्युलेशनचे न्यूरल ॲम्प मॉडेलर मोफत आहे आणि त्याचा सोर्सही खुला आहे. रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते. मॅकवर गॅरेजबँड असतेच. सुरुवात करणाऱ्याला यापलीकडे बराच काळ काही लागत नाही.

तक्रार केल्यानंतर जे घडले ते या प्रकारच्या विक्रेत्यांची ठरलेली पद्धत आहे, असे मला आता वाटते. आधी केबल बदला, मग ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, मग संगणक कमकुवत आहे, मग आमचे तंत्रज्ञ संपर्क साधतील. प्रत्येक सूचना एकेकटी वाजवी वाटते आणि प्रत्येकीने परतीच्या मुदतीतले काही दिवस खाल्ले जातात. चाचण्या कितीही बाकी असोत, परतीची रीतसर मागणी पहिल्या शंकेलाच नोंदवून ठेवावी. नंतर ती मागे घेता येते. इंटरफेसचे पैसे मला विक्रेत्याकडे रक्कम पोहोचवणाऱ्या मध्यस्थ सेवेकडून परत मिळाले, कारण विक्रेत्याचा ‘होय, २४ बिट’ हा लेखी होकार, बिट मीटरचे चित्र आणि चिपच्या माहितीपत्रकातली ओळ एकमेकांशेजारी ठेवता आली. फोनवर दिलेल्या आश्वासनांपैकी एकही कामी आले नाही. माइकचे पैसे बुडाले. वस्तू ‘आहे त्या स्थितीत’ विकली असल्याचे वाक्य जाहिरातीच्या तळाशी होते, आणि तो बनावट असल्याचे उत्पादकाकडून लेखी आणण्याची अट घालण्यात आली. ॲम्प मी ठेवून घेतला, १८ वॉटांच्या आतला म्हणून तो बरा आहे. त्याच संचाची जाहिरात अजूनही सुरू आहे, फक्त ‘२४ बिट’च्या जागी आता ‘२४ बिट प्रोजेक्टशी सुसंगत’ असे लिहिलेले आहे.