परदेशात राहून ऑनलाइन कमाई करायला गेले आणि १,५५४ डॉलर घालवून बसले

आकडे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी अंदाज बांधत बसायला नको. नोंदणीची अनामत १५० डॉलर. व्हिसासाठी लागणारं उत्पन्नाचं पत्र २७५. ‘कर मंजुरी’ ४८९. आणि शेवटचे ६४०, ज्याला मला काम देणाऱ्या ऑनलाइन कंपनीने मनी लाँडरिंगविरोधी प्रमाणपत्र असं भारदस्त नाव दिलं होतं. एकूण १,५५४. त्यांच्याकडून माझ्या हातात पडले ८४ डॉलर ५० सेंट. त्यांच्या स्क्रीनवर माझ्या नावापुढे ३,२६० डॉलर ‘देय’ म्हणून दिसत होते, ते मी नुकसानीत धरत नाही, कारण ते पैसे कधी नव्हतेच. पण त्यासाठी केलेलं काम खरं होतं. रात्र रात्र कानाला हेडफोन लावून बसले होते मी.

‘दिवसाला अमुक कमवा’ छापाच्या जाहिरातींना मी भुललेली नाही, हे आधी स्पष्ट करते. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलांना रेटिंग द्या, पैसे दुप्पट करा, हे सगळे प्रकार मला माहीत होते आणि असे मेसेज मी न वाचता उडवत होते. मला मिळालेलं काम कंटाळवाणं होतं आणि म्हणूनच खरं वाटलं. मशीनने लिहून काढलेली संभाषणं ऐकायची आणि मजकुरातल्या चुका दुरुस्त करायच्या. दर बाजारात चालतो तोच. आधी चाचणी घेतली, त्यात माझ्या चुका काढल्या, पुन्हा द्यायला लावली. फसवणारा माणूस चाचणीत नापास करेल असं कुणाच्या मनात तरी येईल का?

नोकरी सोडून देश फिरत राहणाऱ्यांचं घोडं नेमकं कुठे अडतं, हे या लोकांना पक्कं ठाऊक आहे. खर्च भागवण्यापुरतं काम कसंही मिळतं. अडतं ते उत्पन्नाच्या पुराव्यापाशी. एस्टोनियाने २०२० मध्ये डिजिटल नोमॅड व्हिसा, म्हणजे तिथे राहून ऑनलाइन काम करण्याचा परवाना, आणला, त्यासाठी महिना ४,५०० युरोंचं उत्पन्न दाखवावं लागतं. पोर्तुगालला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट हवं. थायलंडचा २०२४ मध्ये आलेला पाच वर्षांचा व्हिसा खात्यात पाच लाख बाथ शिल्लक मागतो. फुटकळ कामं करून पोट भरणाऱ्याकडे कंपनीच्या लेटरहेडवरचा कागद कुठून येणार? त्यांनी मला कामाबरोबर तोच कागद देऊ केला. माझ्या व्हिसाची मुदत संपत आली होती. अशा वेळी माणूस २७५ डॉलरकडे बघत नाही, पुढच्या वर्षभराच्या सोयीकडे बघतो.

आणि हो, मी कंपनी तपासली होती. ‘जरा चौकशी करायची होती’ म्हणणाऱ्यांसाठी सांगते, केली होती. सरकारी नोंदणीत नाव होतं, क्रमांक होता, पत्ता होता, संचालक होता. तेव्हा कळलं नाही ते हे, की कंपनी नोंदवणं बऱ्याच देशांत अगदी स्वस्तातलं काम आहे. ब्रिटनचंच घ्या. १ मे २०२४ पर्यंत तिथे ऑनलाइन कंपनी नोंदवायला १२ पाउंड लागत, मग ते ५० झाले. एवढ्या पैशात तेव्हा कोणीही ‘नोंदणीकृत’ होत असे. बघायचं असतं ते नोंदणीची तारीख, हिशेब कधी दाखल केलेत का, आणि त्याच पत्त्यावर आणखी किती कंपन्या थाटल्यात. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचं इंटरनेटवरचं नाव, कधी घेतलं हे अशा नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेच्या लुकअपवर फुकट दिसतं. माझ्या कंपनीची वेबसाइट ‘दहा वर्षांचा अनुभव’ सांगत होती आणि डोमेन मला पहिला मेल येण्याच्या जेमतेम दोन महिने आधी घेतलेलं निघालं. हे मी पैसे गेल्यावर पाहिलं. तुम्ही आधी पाहा.

आता त्या क्षणाविषयी, जो आठवला की अजूनही पोटात आग पडते.

एका फाइलमध्ये एक बाई विमा कंपनीशी बोलत होती. मागे कुत्रं भुंकत होतं, ती मध्येच थांबून त्याला दटावत होती आणि मग पॉलिसीचा क्रमांक चुकीचा सांगून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होती. ती जागा मला सहा-सात वेळा मागे नेऊन ऐकावी लागली होती, त्यामुळे पाठ झाली होती. काही आठवड्यांनी वेगळ्या क्रमांकाची, वेगळ्या ‘ग्राहकाची’ फाइल आली. उघडली. तीच बाई, तेच कुत्रं, त्याच आकड्यावर तीच अडखळ.

मी काय केलं? जुना दुरुस्त मजकूर चिकटवला आणि काम लवकर आटोपलं म्हणून झोपायला गेले. चूक त्यांच्या सिस्टिमची असेल असं वाटलं. ज्याला माझं काम खरोखर हवं आहे तो झालेलं काम पुन्हा पैसे मोजून कशाला करून घेईल, हा साधा प्रश्न त्या रात्री पडायला हवा होता. माझ्या दुरुस्त्या कोणी उघडूनही पाहत नव्हतं. तोपर्यंत माझे फक्त १५० डॉलर गेले होते. तिथेच थांबले असते तर उरलेले १,४०४ आज माझ्याकडे असते.

आणखी एक खूण होती. पत्राचे २७५ भरताना बँकेच्या अॅपवर ठळक सूचना आली की दिलेलं नाव खात्यावरच्या नावाशी जुळत नाही. मी थांबले. त्यांना विचारलं. लगेच उत्तर आलं: ते आमच्या पेमेंट भागीदाराचं खातं आहे, आमचं खातं ऑडिटमध्ये आहे. सोबत शिक्कामोर्तब केलेलं पत्र. करार एकाशी आणि पैसे तिसऱ्याच माणसाच्या नावावर, असं दिसलं की कारण ऐकत बसू नका. सरळ अॅप बंद करा.

पुढे सगळं नेहमीच्याच वाटेने गेलं. शिल्लक ३,२६० झाली, मी पैसे काढायला गेले, तर १५ टक्के कर आधी भरा. ४८९ डॉलर. त्यांनी अमेरिकेचा डब्ल्यू-८बेन फॉर्म, म्हणजे आपण परदेशी आहोत हे करासाठी जाहीर करण्याचा कागद, माझी माहिती भरून पाठवला होता. फॉर्म अस्सल आहे, म्हणून तर विश्वास बसला. पण तो फॉर्म भरायला एक पैसा लागत नाही. परदेशी माणसाच्या रकमेवर अमेरिकन कंपनीला कर कापायचाच असेल तर ती रकमेतूनच कापते, साधारण ३० टक्के. आणि काम अमेरिकेबाहेर बसून केलं असेल तर ते उत्पन्न अमेरिकेतलं धरलंच जात नाही. तुमचेच पैसे तुम्हाला देण्यासाठी तुमच्याकडून पैसे मागणारा कर जगात कुठेही नाही. हे वाक्य मला तेव्हा कोणी ऐकवलं असतं तर!

हे ४८९ आणि नंतरचे ६४०, दोन्ही युएसडीटी या डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टो चलनात मागितले. बँकेला परदेशी व्यवहारात वेळ लागतो, असं कारण. मुदत २४ तासांची, नाहीतर खातं गोठणार. ६४० पाठवले आणि दुसऱ्या दिवशी लॉगिन बंद. तो व्यवहार ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोच्या खुल्या नोंदवहीत, आजही कोणालाही दिसतो. माझे पैसे काही मिनिटांत पुढच्या पत्त्यावर गेलेले दिसतात. दिसतात, पण परत येत नाहीत.

यानंतरचा प्रकार तर फसवणुकीपेक्षाही संतापजनक आहे. मी ज्या देशात होते तिथल्या पोलिसांकडे गेले. पहिला प्रश्न: तुम्ही इथे पर्यटक म्हणून आलात ना, मग काम कसं करत होता? तक्रार घ्यायला बसलेला माणूस माझ्याच पासपोर्टवरचा शिक्का तपासायला लागला. आता लक्षात येतं की या टोळ्या आमच्यासारखेच लोक का निवडतात. पर्यटक व्हिसावर बसून लॅपटॉपवर काम करणाऱ्याने तक्रार केली की तोच आरोपीच्या पिंजऱ्यात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी निमूट बाहेर आले.

मायदेशातल्या पोलिसांना लिहिलं. उत्तर: घटना आमच्या हद्दीत घडलेली नाही. मग कोणाच्या हद्दीत घडली? मी एका देशात, बँक दुसऱ्या देशात, कंपनी तिसऱ्या, पैसे घेणारं खातं चौथ्या. दूतावासाने वकिलांची यादी पाठवली, तीही जुनी. त्यातल्या दोघांचे फोन बंद. बँकेने सांगितलं की व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलात, शिवाय सूचना दाखवली होती. म्हणजे सूचना दाखवली की यांची जबाबदारी संपली. त्या खात्याची माहिती समोरच्या बँकेला त्याच दिवशी कळवा, अशी मी अक्षरशः विनवणी केली. त्यांनी मला तक्रार क्रमांक दिला आणि आठवडाभराने ‘आपला अनुभव कसा होता’ विचारणारा मेल.

ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम आहे, की फसवून स्वतःच्या हाताने करायला लावलेल्या व्यवहारांत बँकांनी ८५,००० पाउंडांपर्यंत भरपाई द्यायची. वाचून जिवात जीव आला. पुढे वाचलं तर तो देशांतर्गत व्यवहारांपुरता. पैसे परदेशी गेले असतील किंवा क्रिप्टोत, तर नाही. देशोदेशी फिरून कमावणाऱ्याचा बहुतेक प्रत्येक व्यवहार सीमा ओलांडूनच होतो, त्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? ‘इंटरपोलला कळव’ असा सल्ला खूप जणांनी दिला. इंटरपोल व्यक्तींच्या तक्रारी घेत नाही. स्थानिक पोलिसांकडे जा म्हणतं. ज्यांनी माझा शिक्का तपासला होता त्यांच्याकडे! युएसडीटी काढणारी कंपनी ठरावीक पत्ते गोठवू शकते, पण त्यासाठी तपास यंत्रणेने मागणी करावी लागते, आणि इथे यंत्रणा साधी नोंद करून घेईना.

तरी तक्रार करा. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार पोर्टलवर परदेशातूनही ऑनलाइन करता येते, देशोदेशींच्या ग्राहक संस्थांचं ईकन्झ्युमर डॉट गव्हही आहे. तुमचं एकट्याचं प्रकरण ते सोडवून देत नाहीत, पण खात्याचा क्रमांक आणि वॉलेटचा पत्ता कुठेतरी नोंदला जातो. आणि चॅट, फाइली, स्टेटमेंट सगळं पहिल्याच दिवशी उतरवून ठेवा. माझं लॉगिन बंद झालं तेव्हा करार सोडून बाकी सगळे पुरावे आतच राहिले. कुत्र्याच्या त्या दोन फाइलीसुद्धा.

काही दिवसांनी एका ‘रिकव्हरी तज्ज्ञाचा’ मेसेज आला. त्याला माझी रक्कम डॉलरपर्यंत अचूक माहीत होती. १० टक्के आगाऊ द्या, पैसे काढून देतो. माझी रक्कम ज्यांनी घेतली त्यांच्याशिवाय ती कोणाला ठाऊक असणार? तुम्हालाही असा मेसेज येईल. उत्तरसुद्धा देऊ नका.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात वेगळ्या नावाने पुन्हा लागलेली पाहिली. लोगो बदललाय, मजकूर शब्दन् शब्द तोच: संभाषणांची दुरुस्ती, कुठूनही काम, दोन टप्प्यांची चाचणी, व्हिसासाठी उत्पन्नाचं पत्र मिळेल. नोंदणीची अनामत आता १८० डॉलर आहे.