आठ शनिवार, तीनशे रुपये आणि एक खिळा

मी ३६ वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली. शिक्षण मिरजेला, नोकरी कोल्हापुरात, त्यातली निम्मी रात्रपाळी. त्यामुळं 'आरोग्य आणि विश्वास' असा बोर्ड दिसला की मी आधी सावध होते. अशा ठिकाणी एकतर आरोग्याचं भलतंच काहीतरी सांगतात, नाहीतर विश्वासाचं. पण आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका आत्यांनी पिच्छाच पुरवला, म्हणून शनिवारच्या वर्गात नाव घातलं. आठ शनिवार, संध्याकाळी ५ ते ६:३०, फी ३०० रुपये, त्यात एक झेरॉक्स वही. इतिहास, थोर ख्रिस्ती माणसांची आयुष्यं आणि निरोगी राहणी यांतून विश्वासाचे धडे, असा विषय. वर्ग संपून दोन आठवडे झाले. 'कसा होता ओ?' म्हणून फोन येतायत, तेव्हा एकदाच लिहून टाकते. देवळाचं नाव घालत नाही, कारण तक्रारीही करणार आहे आणि रविवारी त्याच लोकांशेजारी बसायचंय.

क्रमानं सांगत बसत नाही. पाचव्या शनिवारापासून सुरू करते, कारण पैसे तिथंच वसूल झाले.

त्या दिवशी शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती, असेल तिशीची. विषय होता डॉ. पॉल ब्रँड. १९१४ चा जन्म, तोही तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी. पुढं लंडनला सर्जन होऊन १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोगात मांस कुजतं आणि बोटं झडतात असं तेव्हा डॉक्टरसुद्धा धरून चालायचे. ब्रँडनी हात उघडून बघितले, तर मांस चांगलं. जंतू मज्जातंतू मारतात, वेदना जाते, आणि ज्याला दुखत नाही तो माणूस आपल्याच हातापायांची वाट लावतो. गंजलेल्या कुलपात किल्ली फिरत नाही म्हणून एका पोरानं जोर लावून ती फिरवली. बोट हाडापर्यंत कापलं तरी त्याला पत्ता नाही. काही पेशंटांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे व्हायचे. पाळत ठेवली, तर उंदीर! झोपलेल्या माणसाला कळायचंच नाही. मग पेशंटांना मांजरं सांभाळायला दिली. एवढ्या मोठ्या सर्जनच्या गोष्टीत मांजर येतं हे मला फार आवडलं. वॉर्डमधली खरी उत्तरं अशीच असतात.

१९६६ नंतर ब्रँड अमेरिकेत लुईझियानातल्या कारव्हिल इथं कुष्ठरोग्यांसाठी काम करत होते. तिथं त्यांच्या लक्षात आलं की डायबेटिसच्या पायाचं दुखणं, म्हणजे न दुखणं, हेच आहे. इथं ती मुलगी थांबली आणि म्हणाली, "आता सगळ्यांनी चपला काढा."

तीसेक माणसं. कुणी हसलं, कुणाला मोज्यांची लाज वाटली. तिनं जाड नायलॉनचा तो तपासणीचा दोरा काढला आणि डोळे मिटून घ्यायला सांगितलं. तळव्याला लागलं की 'हो' म्हणायचं. शिरोलीच्या फाउंड्रीतून रिटायर झालेले एक काका माझ्या शेजारी होते. तिनं दोरा टेकवला. काका गप्प. परत टेकवला, अंगठ्याखाली, चवड्यावर, टाचेला. काका डोळे मिटूनच म्हणाले, "लावा की ताई, कधी लावताय?"

सहा वेळा लावून झाला होता.

मी वाकून त्यांचा पाय बघितला. टाचेला जाड घट्टा, मधोमध जुन्या आठ आण्याएवढं भोक, कडा पांढऱ्याफटक. मग चप्पल हातात घेतली. खरी कोल्हापुरी चामड्याच्या वादीनं शिवलेली असते, तिला खिळा नसतो. ही टाच कुठंतरी दुरुस्त करून घेतली होती, आणि तांदळाच्या दाण्याएवढं खिळ्याचं टोक आतून वर आलं होतं. भोवतीचं चामडं काळपट. काका त्या चपलेवर किती दिवस रंकाळ्याला फेऱ्या मारत होते कोण जाणे! माझ्या पर्समध्ये गॉज असतोच, जुनी खोड. नळाच्या पाण्यानं जखम धुतली, बांधली.

"सिस्टर, दुखत नाही ओ."

"दुखत नाही म्हणूनच सोमवारी दाखवायचं, काका."

दाखवलं त्यांनी. डॉक्टरांनी घट्टा खरवडून काढला. हाडापर्यंत गेलं नव्हतं. त्या मुलीनं शेवटी बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला १२ वा अध्याय काढला, एक अवयव दुखावला की सगळे अवयव दुखावतात तो भाग वाचला आणि वही मिटली. स्पष्टीकरण नाही, प्रवचन नाही. असे धडे मला चालतात.

बाकीच्या वर्गाचं असं नाही. इतिहासाचे वर्ग एका रिटायर शिक्षकांनी घेतले. बोलतात छान, फळ्यावर अक्षर मोत्यासारखं. पहिल्या दिवशी त्यांनी तिसऱ्या शतकातली रोमन साम्राज्यातली साथ सांगितली. आजारी माणसाला घरचेच रस्त्यावर टाकत होते, तेव्हा ख्रिस्ती लोक उशाशी बसून राहिले. मग चौथ्या शतकातले कैसरियाचे (हे गाव आजच्या तुर्कस्तानात) बिशप बेसिल. त्यांनी शहराबाहेर आजारी, गरीब आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठं ठिकाण उभं केलं. औषध म्हणावं असं तेव्हा फारसं काही नव्हतंच. आत घ्यायचं, अंथरूण द्यायचं, खायला घालायचं. ॲडमिशनचा पहिला तास मी हजारदा केलाय, त्यामुळं हे मला लगेच पोचलं. विल्यम कॅरी या मिशनरींचा तासही बरा झाला. चपला-बूट शिवणारा माणूस, १७९३ साली बंगालात आला आणि १८०५ ला मराठी व्याकरण छापलं. १८१२ मध्ये छापखाना जळाला तेव्हा परत पहिल्यापासून बसला. त्यांना मराठीत मदत करणाऱ्या वैजनाथ पंडितांचं नाव सरांनी आवर्जून घेतलं. हे सहसा कुणी घेत नाही.

पंडिता रमाबाईंच्या वर्गाला मात्र माझी निराशा झाली. वहीत त्यांचा नुसता सोन्याचा पुतळा केलाय. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा, १८८९ ला शारदा सदन, मग केडगाव, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर, संपलं. अहो, या बाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीनं गेले! इंग्लंडला त्या डॉक्टर व्हायला गेल्या होत्या, पण ऐकू कमी येत असल्यामुळं ते जमलं नाही. बाप्तिस्मा घेतल्यावरही मांसाहार केला नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर त्यांना 'ऐक' म्हणत होत्या आणि बाई पत्रांतून त्यांच्याशी शास्त्रावर वाद घालत होत्या, कुणी सांगितलं म्हणून मान डोलवणार नाही, असं. यातलं वर्गात काही नाही. वेदना काढून टाकलेलं चरित्र मला काकांच्या टाचेसारखं वाटतं, वरून सगळं ठीक. एक गोष्ट तेवढी सरांनी फळ्यावर लिहिली: रमाबाई गेल्या ५ एप्रिल १९२२ ला, शाहू महाराज ६ मे १९२२ ला. एकाच महिन्याच्या अंतरानं. हॉल क्षणभर गप्प झाला. कोल्हापूरच आहे शेवटी.

चौथा शनिवार आहाराचा होता, बायबलातल्या दानीएलच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावर. शिकवणारे गृहस्थ उत्साही. राजाच्या ताटातलं नको म्हणून चार पोरांनी दहा दिवस भाजीपाला आणि पाणी घेतलं, आणि ती इतरांपेक्षा धडधाकट दिसली. इथपर्यंत बरोबर. पुढं गृहस्थांनी त्यावरून डाएटचा तक्ताच लावला आणि मटण बंद असं जाहीर केलं. ज्या गावात उपासना सुटली की निम्मी मंडळी मटणाच्या दुकानापुढं परत भेटते, तिथं हे! मागून आवाज आला, "सर, दानीएल कोल्हापूरचा नव्हता." सगळे हसले, मीही. पण माझी हरकत मटणाबद्दल नाही. तो अध्याय बाटण्याबद्दल आहे, वजनाबद्दल नाही. आणि त्यातली खरी मजा त्यांनी सोडूनच दिली. दानीएल थाळी भिरकावत नाही, कारभाऱ्याकडं परवानगी मागतो. त्या अधिकाऱ्याची मान धोक्यात आहे हे त्याला कळतं, म्हणून म्हणतो, दहा दिवस करून बघा, मग ठरवा. घरातल्या पेशंटला पथ्यावर आणायचं तर हीच भाषा लागते.

त्यांनी मिठाचं मात्र चोख सांगितलं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, रस्सा सगळं आलं. चमचा आणून मोजून दाखवलं. बायकांनी लगेच आपापल्या घरातली माणसं मोजली आणि महिन्याला किती मीठ संपतं त्याचा हिशोब मांडला. दोघी-तिघींचे चेहरे उतरले. आणि मग काय, वर्ग सुटल्यावर चहा आला, आधीच साखर घातलेला, सोबत खारी. तीसात डायबेटिसवाले किमान दहा असतील. मी संयोजकांना सांगितलं, साखर वेगळी ठेवा. पुढच्या शनिवारी ठेवली. त्याच्या पुढच्या शनिवारी परत विसरले.

सहाव्या शनिवारी बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. त्यांचं म्हणणं असं की विश्वास पक्का असेल तर शरीर निरोगी राहतं, आजार रेंगाळला तर आतमध्ये बघा. मी उठले. माझा आवाज वॉर्डातला आहे, माईक लागत नाही. म्हटलं, बायबलात पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, त्याच्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, विश्वास वाढव म्हणत नाही. त्रफिम या सोबत्याला तर तो मिलेतात आजारी सोडून पुढं जातो. आणि योहानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कुणाचं, तेव्हा प्रभू काय म्हणतो ते तुम्हीच वाचा. मला तेव्हा एक रात्र आठवत होती. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेली पंधरा वर्षांची मुलगी. कुणीतरी सांगितलं म्हणून घरच्यांनी इंजेक्शन बंद केलेलं. श्वासाला पिकलेल्या फळाचा वास, जीभ कोरडी, डोळे खोल. वाचली ती, पण पहाटेपर्यंत आमच्यापैकी कुणीही बसलं नाही. एवढं सगळं मी हॉलमध्ये बोलले नाही, इथं लिहितेय. संयोजकांचं कौतुक इतकंच की पुढच्या वर्गाच्या सुरुवातीलाच सरांनी स्पष्ट सांगितलं, इथं ऐकून कुणीही गोळी किंवा इंजेक्शन थांबवायचं नाही.

सातवा वर्ग छोटा आणि गोड. बायबलातला एलीया संदेष्टा झुडपाखाली पडलाय, मरण मागतोय. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, परत खाऊ घालतो. बोलणं नंतर. रात्रपाळी केलेल्या माणसाला यापुढं काही सांगावं लागत नाही.

शेवटच्या शनिवारी डॉ. विल्यम वान्लेस. माझं घरचंच कार्य, त्यामुळं तटस्थपणाची अपेक्षा करू नका. १८८९ ला भारतात, १८९४ ला मिरजेचं हॉस्पिटल, १९२८ ला सर ही पदवी, १९३३ ला निधन. सरांनी वान्लेसवाडीच्या क्षयाच्या सॅनेटोरियमवर चांगला वेळ दिला. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ ला, म्हणजे वान्लेससाहेबांच्या हयातीत क्षयावर औषधच नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती, सकस अन्न आणि धीर. पथ्य म्हणजे काय हे या तासाला कळलं, दानीएलच्या तक्त्यापेक्षा कितीतरी जास्त.

पण वाइल्डर कुटुंबाला दहा मिनिटं? अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ ला कोल्हापुरात आले, इथं शाळा काढल्या. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथंच जन्मला आणि १८८६ पासून अमेरिकेतल्या कॉलेजांत ज्या विद्यार्थी चळवळीनं हजारो तरुणांना मिशनकार्याकडं ओढलं, तिच्या मुळाशी हा कोल्हापूरचा पोरगा. कैसरियाला पूर्ण तास आणि कोल्हापूरला दहा मिनिटं, हे काही बरं नाही. सरांना तोंडावर सांगितलंय. 'पुढच्या वेळी' म्हणाले.

आता किरकोळ. हॉल पहिल्या मजल्यावर, २२ पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. गुडघेवाल्यांनी उतरताना तो डाव्या हाताला येतो हे धरून जावं. पंखे तीन, चालू दोन. वहीत छापण्याच्या चुका भरपूर. रमाबाईंचं साल एका पानावर १९९२ झालंय. वेळ पाळतात. ख्रिस्ती नसलेली चार-पाच माणसं होती, त्यांना कुणी अवघडल्यासारखं वाटू दिलं नाही. तीनशे रुपयांत ब्रँड, एलीया आणि वान्लेस मिळाले, बाकी वरकड धरा.

पुढची तुकडी गणपतीनंतर आहे म्हणतात. मी नाव दिलंय, काकांनीही. ते सहाव्या शनिवारपासून मऊ बूट आणि पांढरे मोजे घालून येत होते. पांढरेच घाला असं मी सांगितलंय, रंगीत मोज्यावर डाग दिसत नाही.