नवे खेळाडू कुठून आणायचे: कॅफेतलं टेबल, कॉलेजचा स्टॉल की रील?

नाशिकमध्ये फारसा कोणाला ठाऊक नसलेला टेबलटॉप आरपीजी (टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिकेत शिरून, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ) चालवायचा, किंवा स्वतःचा मराठी खेळ लोकांपर्यंत न्यायचा, तर हाताशी पैसा थोडा आणि रविवार मोजके असतात. ते कुठे लावायचे? माझं मत आधीच सांगते: पहिलं कॅफेतलं खुलं टेबल, मग कॉलेजचा स्टॉल, आणि रील या दोघांच्या मदतीला. हा खेळ समजावून सांगून कोणाला पटत नाही. ‘म्हणजे लुडोसारखं का?’ या प्रश्नाला उत्तर देत बसलात की समोरच्याचा हात फोनकडे जातो.

कॉलेज रोड, गंगापूर रोडला कॅफेंना तोटा नाही. मालकाकडे संध्याकाळची वेळ मागू नका, रविवार सकाळची मागा. दोन-अडीच तास टेबल अडणार हे स्पष्ट सांगा आणि माणशी किमान ऑर्डर ठरवून टाका, म्हणजे पुढच्या वेळी तोच आपणहून जागा देतो. चार खेळाडू बसवा, त्यातला एक जुना. तो आधी तोंड उघडतो आणि बाकीच्यांची भीड चेपते. पात्रं तयार करून न्या. नवख्याला कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, भरायला लावली तर पहिला तास त्यातच जातो. गोष्ट एका बैठकीत संपली पाहिजे. आदल्या रात्री प्रत्येकाला फोन करा, कारण मेसेजवर ‘नक्की’ म्हणणारा येतोच असं नाही. एका वेळी तीनच नवी माणसं मिळतात, हे खरं. पण गोष्ट शेवटापर्यंत खेळलेला माणूस पुढच्या वेळी मित्राला घेऊन येतो, आणि ते काम कुठलंही पोस्टर करत नाही.

स्टॉलचं गणित उलटं. गॅदरिंगच्या गोंगाटात एका माणसामागे दहा मिनिटं मिळतात, पण माणसं भरपूर. तिथे नियम सांगायचेच नाहीत, थेट प्रसंगात ढकलायचं:

‘रात्रीचे दोन वाजलेत. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर तुझ्या मित्राचा टॉर्च पडलाय, मित्र दिसत नाही. काय करतोस?’

‘हाक मारतो.’

‘टाक फासे.’

बेरीज आठ. ‘मित्र ओ देतो. पण आवाज वरून येत नाही, तुझ्या मागून येतो.’

इथे थांबायचं आणि पुढच्या रविवारची चिठ्ठी हातात द्यायची. दोन साध्या फाशांवर 7 ते 9 म्हणजे ‘जमलं, पण किंमत मोजून’ आणि 10 किंवा त्याहून जास्त म्हणजे पूर्ण यश, ही पद्धत 2010 पासून बऱ्याच खेळांनी उचलली आहे. 36 पैकी 15 शक्यता 7 ते 9 च्या आहेत, म्हणून दहा मिनिटांतही असा अडकवणारा क्षण हाती लागतो. तुमचा खेळ वीस पैलूंच्या फाशाचा असेल तर तोच ठेवा. न पाहिलेला फासा बघून पोरं आपोआप थांबतात. फक्त वहीत नावं लिहून घेण्यावर भागवू नका. परीक्षा लागली की ती नावं गेली.

रीलबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) 1974 चा. 2015 पासून ‘क्रिटिकल रोल’सारखे खेळाचे कार्यक्रम लोक तासन् तास बघू लागले आणि त्यातून खेळाकडे वळलेही. पण तुमची रील कोल्हापूर-नागपुरात पाहिली गेली म्हणून गंगापूर रोडवरच्या खुर्च्या भरत नाहीत. खेळ इतका खास आवडीचा असेल की अख्ख्या नाशकात चार जण मिळणार नाहीत, तर मात्र डिस्कॉर्ड या ऑनलाइन गप्पांच्या अ‍ॅपवर टेबल लावा. मग रीलच पहिली. एरवी फासे थांबतानाचे खेळाडूंचे चेहरे, अर्थात त्यांना विचारून, शूट करा आणि शेवटी तारीख, जागा आणि ‘नियम माहीत नसले तरी या’ एवढंच लिहा.

तिन्ही ठिकाणी मराठीतलं एक पानी नियमपत्रक लागतंच. खेळ डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांवर बेतला असेल तर सोय आहे: ‘एसआरडी 5.1’ हा त्या मूळ नियमांचा दस्तऐवज जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे श्रेय देऊन त्याचं मराठी करून वाटता येतं. दुसऱ्या कोणाचा खेळ असेल तर प्रकाशकाला आधी विचारा.

आणि मला सगळ्यात जास्त भरवसा आहे तो आपल्या नाटकवाल्यांवर. सायखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेला उतरणारी, एकांकिका करणारी ही मंडळी. समोरच्याच्या वाक्यावर वाक्य टाकायची त्यांना सवयच असते. ‘जिंकायचं कसं?’ असं ती विचारत नाहीत, सरळ भूमिकेत शिरतात. अडचण एकच, एखादा सगळी गोष्ट स्वतःकडे ओढतो. तेव्हा गप्प बसलेल्याकडे वळून ‘तू या वेळी कुठे आहेस?’ असं विचारायचं. तालमींच्या दिवसांत त्यांना बोलावू नका. स्पर्धेची फेरी आटोपली की लगेच फोन करा. तेव्हा संध्याकाळी मोकळ्या असतात आणि पुढचं नाटक अजून ठरलेलं नसतं.