क्लिंगो-डीएल: भोसरीच्या एका वर्कशॉपमधले सात महिने

दादाच्या वर्कशॉपमध्ये पाच मशीन आहेत, आणि 'आज आधी कुठला जॉब लावायचा' हा वाद रोज सकाळी आठला, पहिल्या चहाबरोबर सुरू व्हायचा. तो मिटवायचा म्हणून मी क्लिंगो घेतलं. जर्मनीतल्या पॉट्सडॅम विद्यापीठातल्या गटाने बनवलेलं हे साधन फुकट आहे आणि कमांड लाइनवर चालतं. उत्तर कसं शोधायचं ते आपण सांगायचं नाही. उत्तर कसं असावं, एवढे नियम लिहून द्यायचे.

पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटले. क्लिंगो आधी नियमांमधल्या व्हेरिएबलच्या, म्हणजे किंमत न ठरलेल्या नावांच्या, जागी शक्य त्या सगळ्या किमती घालून नियम उलगडतं आणि मग सोडवायला बसतं. आमचा दिवस आठ ते सहा, म्हणजे ६०० मिनिटं. एका लेथवर दिवसाला पंचेचाळीस मिनिटांचे बारा जॉब. दोन जॉब एकमेकांवर येऊ नयेत हा साधा नियम मिनिटामिनिटाने उलगडला की एका जोडीमागे ५१ हजारांवर ओळी होतात. बारा जॉबच्या जोड्या ६६. एकट्या लेथचे ३३ लाखांवर नियम! लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला. दादा म्हणाला, "फळ्यावर मी दहा मिनिटांत लिहितो गं."

मग क्लिंगोला जोडलेला हा विस्तार, क्लिंगो-डीएल, हाती लागला. पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने एका ओळीत बसतो, जुने नियम जसेच्या तसे चालतात. यात वेळ मिनिटांत उलगडत नाही. 'ब जॉबची सुरुवात अ च्या सुरुवातीनंतर किमान ४५ मिनिटांनी' असा दोन वेळांमधला फरक तेवढा सांगायचा. प्रत्येक फरक म्हणजे एक बाण, त्यावर एक आकडा. बाण फिरून मूळ जागी आले आणि आकड्यांची बेरीज ऋण निघाली, की तो क्रम अशक्य. मग सॉल्व्हर, म्हणजे उत्तर शोधणारा भाग, ती वाट सोडून दुसरी धरतो. ६६ जोड्यांना आता १३२ फरक पुरतात, प्रत्येक जोडीत हा आधी किंवा तो आधी. स्विस रेल्वेच्या गाड्यांच्या वेळापत्रकावरचं संशोधनही याच साधनावर झालंय, तेव्हा आमची पाच मशीन त्याला किरकोळच.

सगळ्यात शेवटचा जॉब लवकरात लवकर संपवायचा असेल तर एक व्हेरिएबल, म्हणजे इथे ती शेवटची वेळ, कमीत कमी करायचा पर्याय आहे. चांगलं उत्तर लगेच येतं, पण याहून चांगलं नाहीच हे सिद्ध करायला ते तासन्‌तास घेऊ शकतं. मी दोन मिनिटांची मर्यादा घालते आणि हाती आलेलं घेते. वर्कशॉपला सिद्धता नको, सव्वाआठला कागद हवा.

आता तक्रारी. फरक दोनच वेळांमधला चालतो. तीन राशींची बेरीज सांगायची असेल तर त्याच गटाचं क्लिंगकॉन घ्यावं लागतं. वेगळा पर्याय दिला नाही तर संख्या पूर्णांकच, त्यामुळे मशीनची साडेसात मिनिटांची सेटिंग मी आठ धरते. एग्झिट कोडने, म्हणजे प्रोग्राम संपताना जो आकडा परत देतो त्याने, तर माझी एक अख्खी रात्र खाल्ली. उत्तर सापडलं की कोड १०, उत्तरच नसेल तर २०, सगळं शोधून झालं आणि उत्तरही मिळालं तर ३०. शून्य म्हणजे यश असं मानणारी, क्लिंगो-डीएल चालवणारी माझी शेल स्क्रिप्ट (कमांडची छोटी फाइल) प्रत्येक यशाला अपयश समजून बंद पडत होती. आणि नियमांमधली नावं मराठीत लिहिता येत नाहीत. व्हेरिएबल मोठ्या रोमन अक्षराने सुरू होतं, देवनागरीत लहान-मोठं अक्षर आहेच कुठे? अवतरण चिन्हांत मात्र मराठी चालतं, त्यामुळे छापील कागदावर 'पाटलांचा फ्लँज' असंच येतं.

पण खरा त्रास म्हणजे त्याचा नकार. नियम एकमेकांत अडकले की ते 'अशक्य' एवढंच सांगतं. का, ते नाही. दादाला मी काय सांगू, कॉम्प्युटर नाही म्हणतोय? शेवटी वाकवता येण्यासारख्या प्रत्येक नियमाला मी एक खिटी लावली. नियम सोडला तर दंड, आणि एकूण दंड कमीत कमी. ही पहिली फेरी. मग सोडलेले नियम पक्के करून दुसऱ्या फेरीत वेळ आवळायची. दोन्ही एकाच वेळी करायच्या फंदात मी पडत नाही.

गेल्या महिन्यात कागदावर तळाशी आलं: 'सोडलेला नियम: गुरुवारी सुट्टी'. दादाने तो दोनदा वाचला, काही न बोलता गिऱ्हाइकाला फोन लावला आणि दोन दिवस वाढवून मागितले.

फक्त कोणाला कुठली पाळी, कुठल्या वर्गाला कुठली खोली, असं वाटप करायचं असेल तर या विस्ताराची गरज नाही, नुसतं क्लिंगो पुरतं. घड्याळ आलं की हे घ्या. सोबतची उदाहरणं थोडी आहेत, ती चालवून, मोडून बघितल्याशिवाय हात बसत नाही. माझे त्यात तीन रविवार गेले.