दुकानाच्या पार्किंगमध्ये आरव्हीचा फुकट मुक्काम: सात महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन लांबचा पल्ला मारायचा तर मधल्या रात्री कुठे काढायच्या, हे आधी ठरवावं लागतं. पाणी-विजेची जोडणी असलेल्या कॅम्पग्राउंडवर हंगामात एका रात्रीचे 50 ते 80 डॉलर सहज जातात, आणि रात्री नऊला पोचून सकाळी सातला निघणाऱ्याला त्यातलं निम्मंही वापरता येत नाही. अशा रात्रींसाठी वॉलमार्ट, क्रॅकर बॅरल (रेस्टॉरंट), कॅबेलाज आणि बास प्रो शॉप्स (शिकार-मासेमारीच्या सामानाची दुकानं) यांच्या काही शाखा आवारात एक रात्र फुकट थांबू देतात. पुढचं सगळं एप्रिल ते ऑक्टोबर, 25 फुटी क्लास सी गाडीत (पुढे ट्रकसारखी केबिन, मागे घर) केलेल्या वापरावर आधारलेलं आहे. ही सोय मनापासून आवडली. मात्र तिथे झोपायचं आणि निघायचं; दोन दिवस तंबू ठोकल्यासारखं राहायचं असेल तर ही जागा त्यासाठी नाही.

सगळं अवलंबून आहे ते परवानगीवर. वॉलमार्टचं धोरण थोडक्यात असं: जागा असेल आणि स्थानिक कायदा आड येत नसेल, तर त्या त्या स्टोअरचा मॅनेजर परवानगी देतो. त्यामुळे मागच्या गावातला होकार पुढच्या गावात चालत नाही. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान फोन करावा. तेव्हा गर्दी कमी असते आणि ड्यूटीवरचा मॅनेजर फोनवर सापडतो. कस्टमर सर्व्हिसला थेट सांगावं की मॅनेजरशी बोलायचंय. मग एका दमात: एक रात्र, 25 फुटी मोटरहोम, टॉयलेट गाडीतच आहे, जनरेटर लावणार नाही, सकाळी आठच्या आत निघतो, चालेल का, आणि गाडी कुठे लावू? हा शेवटचा प्रश्न विसरू नये. जागा सांगितली की परवानगी पक्की झाली, आणि रात्री कोणी विचारलं तर नाव आणि जागा दोन्ही सांगता येतात. फोनवरचं माणूस नुसतं ‘लोक लावतात बहुतेक’ म्हणालं तर तो होकार धरू नये.

दोन ठिकाणी मॅनेजरचा होकारही पुरत नाही. पहिलं, शहराचाच नियम असेल तर. आवारात रात्रभर गाडी लावायला बंदी घालणारे नियम कॅलिफोर्नियाच्या आणि फ्लोरिडाच्या किनारी गावांत बरेच आहेत. दुसरं, दुकान भाड्याच्या मॉलमध्ये असेल तर. पार्किंग लॉट मॉलमालकाचा असतो, आणि टोइंगवाल्याशी करारही त्यानेच केलेला असतो. म्हणून पोचल्यावर आवाराला एक पूर्ण फेरी मारावी आणि प्रत्येक प्रवेशाजवळची आणि दिव्यांच्या खांबांवरची पाटी वाचावी. बंदीच्या पाटीवर टोइंग कंपनीचा फोन नंबर असेल तर ती बंदी खरी समजावी. आरव्ही ओढून नेली की सोडवायला शेकडो डॉलर लागतात, शिवाय घरच गेलेलं असतं.

ऑलस्टेज, आयओव्हरलँडर, आरव्ही पार्की ही अॅप्स शोधायला चांगली आहेत, पण त्यातल्या नोंदीची तारीख आधी बघावी. वर्षापूर्वीच्या ‘हो’ला किंमत नाही; मॅनेजर बदलला की नियम बदलतो.

क्रॅकर बॅरलची गोष्ट थोडी वेगळी. तिथे बऱ्याच शाखांमध्ये बस आणि आरव्हीसाठी लांब पट्टे आखलेले असतात, आत शिरून सरळ पुढून बाहेर पडता येतं, ट्रेलरवाल्यांना हे वरदान आहे. पट्टे मोजकेच, त्यामुळे सात वाजता पोचावं, जेवावं आणि जेवतानाच मॅनेजरला विचारावं. शाकाहारी मंडळींनी हिरव्या शेंगांची आणि पालेभाजीची चौकशी करूनच मागवावी. दक्षिणी पद्धतीत त्या बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात.

आता गाडी कुठे लावायची. दुकानापासून दूर, आवाराच्या कडेला, ही ढोबळ दिशा बरोबर आहे, पण कडा सगळ्या सारख्या नसतात. मागच्या बाजूला माल उतरवायचे धक्के असतात आणि तिथे रेफ्रिजरेटेड ट्रेलरचं डिझेल इंजिन रात्रभर चालू-बंद होत राहतं. त्यापेक्षा महामार्गाचा एकसुरी आवाज परवडला. ट्रॉल्या गोळा करायच्या कठड्याशेजारी पहाटे लोखंडावर लोखंड आपटतं. आवार झाडणारा ट्रक साधारण तीन ते पाचच्या दरम्यान येतो आणि मोकळ्या भागात गोल गोल फिरतो. कडेला समांतर लावलेली गाडी त्याच्या वाटेत येत नाही. झाडाखाली सावली मिळते, पण फांद्या एअर कंडिशनरच्या कव्हरला लागतात, ते आधी खाली उतरून बघावं.

क्लास सी गाडीत मागच्या चाकांच्या मागे चांगला सहा-सात फूट भाग लोंबकळत असतो. पुढून उजवीकडे वळलात की हा शेपटाचा भाग डावीकडे झुलतो आणि शेजारच्या दिव्याच्या खांबाला लागतो. मोटरहोमला होणाऱ्या इजांत ही नेहमीची. म्हणून खांब आणि उंच कठडे यांपासून एक रांग सोडून लावावी, आणि सकाळी निघताना रिव्हर्स न घेता पुढे जाता येईल अशीच लावावी. वायोमिंगसारख्या वाऱ्याच्या राज्यात गाडीचं नाक वाऱ्याकडे ठेवावं. अंगावर वारा घेतला तर रात्रभर पाळण्यात झोपल्यासारखं होतं.

पाणी निचऱ्यासाठी प्रत्येक लॉटला उतार दिलेला असतो, साधारण दोन टक्क्यांच्या आसपास. चाकांमधलं अंतर 80 इंच धरलं तर दोन बाजूंत 1.6 इंचाचा फरक पडतो. इंचभर जाडीचे प्लॅस्टिकचे ब्लॉक खालच्या बाजूच्या चाकांखाली एक-दोन थर सरकवले की काम भागतं. गाडी समपातळीत आणणारे जॅक खाली सोडू नयेत: उन्हाने मऊ झालेल्या डांबरात त्यांचे पाय रुततात, खड्डे पडतात, आणि पुढच्या महिन्यात तिथे बंदीची पाटी लागते. गॅसवर चालणारा अॅब्सॉर्प्शन फ्रीज असेल तर तिरकस गाडी त्याला सोसत नाही. बहुतेक कंपन्या आडवा तीन अंश आणि लांबीत सहा अंश इतकीच सूट देतात. त्यापलीकडे आतला अमोनिया फिरायचा थांबतो आणि बॉयलर तापत राहतो. काहीच जमलं नाही तर निदान डोकं चढाच्या बाजूला करून झोपावं.

स्लाइड-आउट (खोली रुंद करायला बाहेर सरकणारा भाग), छपरी, खुर्च्या, बार्बेक्यू यांतलं काहीही बाहेर काढायचं नाही. स्लाइड उघडल्याशिवाय पलंगापर्यंत पोचताच येत नाही अशी गाडी असेल, तर ती कठड्याच्या बाजूला फक्त झोपेपुरती उघडावी. एवढंही नको वाटत असेल तर गाडी निवडतानाच स्लाइड बंद ठेवून पलंग, टॉयलेट आणि फ्रीज वापरता येतात का, हे शोरूममध्ये तपासावं.

बॅटरीवर मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण थंडीत रात्र तिथेच बिघडते. कंपनीने दिलेली 100 अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी खरं म्हणजे 50 चीच समजायची; निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य घटतं. फर्नेस, म्हणजे घर गरम करणारा हीटर, प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा 12 व्होल्टवर सातेक अँपिअर ओढतो. बाहेर गोठणबिंदू असेल आणि फर्नेस निम्मा वेळ चालला, तर दहा तासांत 35 अँपिअर-तास गेले. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे डिटेक्टर, फ्रीजचं सर्किट मिळून दहा. दिवे, पाण्याचा पंप, फोन मिळून पाच. झाले 50. पहाटे पाचला काय होतं ते ऐका: व्होल्टेज पडतं, पंखा फिरतो पण संथ. फर्नेसमध्ये हवेच्या जोराने ढकलला जाणारा एक छोटा स्विच असतो, सेल स्विच. पुरेशी हवा नसली की तो सर्किट जोडत नाही, आणि सर्किट जोडलं गेल्याशिवाय गॅसला ठिणगी मिळत नाही. पंखा घरघरत थंड हवा फेकत राहतो आणि उरलीसुरली बॅटरीही खातो. फर्नेस बिघडला म्हणून मेकॅनिककडे धाव घेण्याआधी व्होल्टमीटर बघावा. आराम अवस्थेत 12.1 च्या खाली असेल तर दोष बॅटरीचा.

उपाय साधे आहेत. मुक्कामाच्या आधी दोन-तीन तास गाडी चाललेली असेल तर अल्टरनेटर बॅटरी बऱ्यापैकी भरतो. थर्मोस्टॅट झोपताना 58 ते 60 फॅरनहाइटवर आणावा आणि दुलई जाड घ्यावी. समोरच्या काचेला आतून परावर्तक पडदा लावावा, केबिन आणि घर यांच्यामध्ये जाड कापड टांगावं. सगळ्यात जास्त थंडी ड्रायव्हरच्या बाजूनेच शिरते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली तर 100 पैकी 80 बिनधास्त वापरता येतात, पण ती शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती घराच्या आत बसवावी.

जनरेटर रात्री लावू नये. आवाजाचा त्रास शेजाऱ्याला, आणि धुराचा धोका सगळ्यांना: चिकटून उभ्या असलेल्या दोन गाड्यांत एकाचा एक्झॉस्ट दुसऱ्याच्या खिडकीत जातो. झोपण्याआधी कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टरचं बटण दाबून बघायचं, छतावरची खिडकी बोटभर उघडी ठेवायची. त्या फटीने काचांवर दवही कमी धरतं.

स्वयंपाक आतच. प्रेशर कुकरला इथे तोड नाही: गॅस कमी, पाणी कमी, वाफ कमी. फोडणीच्या धुराने मात्र स्मोक अलार्म हमखास ओरडतो आणि रात्री आठला तो आवाज अख्ख्या लॉटला ऐकू जातो, तेव्हा तेल तापवण्याआधी छताचा पंखा बाहेर हवा फेकायला लावावा. फोडणी घरूनच करून बरणीत नेली तर अजून उत्तम. तेलकट, हळदीची भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घ्यावीत. तेल ग्रे टँकमध्ये (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीत) गेलं की दोन दिवसांत सिंकमधून कुबट वास येतो. लॉटवर सांडपाण्याचा एक थेंबही सोडायचा नाही, ग्रेसुद्धा नाही. म्हणून ग्रे आणि टॉयलेटचा असे दोन्ही टँक रिकामे करूनच पोचावं. लव्हज आणि फ्लाइंग जेच्या अनेक ट्रक स्टॉपवर पैसे भरून डंप स्टेशन, म्हणजे टँक रिकामे करायची जागा, मिळतं. कॅबेलाजच्या काही शाखांतही आहे.

2020 पासून वॉलमार्टची दुकानं रात्रभर उघडी नसतात; आता बहुतेक सकाळी सहा ते रात्री अकराच उघडी असतात. रात्री दुकानाचं टॉयलेट मिळेल हे गृहीत धरून व्हॅनमध्ये झोपणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

दारावर टकटक झाली तर ती बहुधा पोलिसांची किंवा सिक्युरिटीची असते. वाद न घालता, मॅनेजरचं नाव सांगावं. तरी जा म्हणाले तर जावं. त्यासाठी ड्रायव्हरची सीट रिकामी, किल्ली ठरलेल्या खुंटीला, ट्रेलर जोडलेलाच, आणि ज्याला चालवायचंय त्याने त्या रात्री दारूला हात लावायचा नाही. पर्यायी जागाही दिवसाच शोधून ठेवावी. महामार्गावरचे रेस्ट एरिया चालतात, पण मुदत राज्यागणिक वेगळी: टेक्सासमध्ये 24 तास, ऑरेगनमध्ये 12, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनमध्ये 8, फ्लोरिडात फक्त 3. ट्रक स्टॉपवर ट्रकच्या रांगेत मात्र लावू नये. 14 तासांची ड्यूटी संपलेल्या ट्रकवाल्याला कायद्याने दहा तास थांबावंच लागतं. आपण अडवलेली जागा त्याची हक्काची असते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या आत तर पार्किंगमध्ये झोपायला बंदीच आहे, तिथे कॅम्पग्राउंड किंवा बाहेरचं गाव.

भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन जात असाल तर सलग दोन रात्रींपेक्षा जास्त लॉटवर काढू नका. शॉवर मोजून, दिवे मोजून, बाहेर फेरफटका तो डांबरावर. तिसऱ्या रात्री त्यांना जोडणी असलेलं कॅम्पग्राउंड द्यावं, त्याच दिवशी टँक आणि बॅटरीही ताज्या होतात. आणि मुक्कामाचा किराणा, डिझेल ज्याच्या आवारात थांबलो त्याच दुकानातून घ्यावं. सकाळी निघताना गाडीभोवती एक फेरी: ब्लॉक उचलले का, पायरी आत घेतली का, छतावरची खिडकी लावली का, आणि आपल्या जागेवरचा, शक्य तर शेजारच्या जागेवरचाही कचरा उचलला का.