दंतमंजनाने घासलेले गांधीजी

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका गल्लीत, जिना चढून जायचं जुन्या नाण्यांचं दुकान. पाटी इतकी लहान की मी दोनदा पुढे गेले. बँकेत तीस वर्षं कॅशला बसले, पण नाण्यांतलं मला फक्त मोजणंच येत होतं, हे तिथे कळलं.

मामंजींच्या ट्रंकेत १९६९ ची, गांधी शताब्दीची दहा रुपयांची दोन नाणी निघाली. एक मळकट, एक डबीत. आमच्या गावातल्या सराफाने दोन्ही एकदमच काट्यावर टाकली, मोडीचा भाव सांगितला आणि कसोटीचा दगड काढायला लागला. मी नाणी उचलली नि एसटी पकडली.

इथल्या काकांनी आधी मखमलीचा तुकडा पसरला. नाणं कडेने धरलं, भिंग लावलं. वजन १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के चांदी, म्हणजे शुद्ध १२ ग्रॅम. "मळकट नाण्याला सराफाचा हिशेब चालेल, ही लाखांनी पाडली होती." डबीतल्या नाण्यावर मात्र त्यांनी बारीक 'बी' अक्षर दाखवलं. मुंबई टांकसाळीचं प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं नाणं! मुंबईच्या साध्या नाण्यावर अक्षर नसतं, शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असते. प्रूफ पाडताना ठसा आणि कोरी चकती दोन्ही आरशासारखी घोटतात, आणि एकाहून जास्त वेळा ठोका देतात.

मग त्यांनी नाणं दिव्याखाली तिरकं धरलं. "वहिनी, हे पुसलंत कशाने?"

दिवाळीत निरांजनं घासताना त्याच हाताने दंतमंजन लावलं होतं मी. भिंगातून पाहिलं, तर गांधीजींच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत केसासारखे ओरखडे, सगळे गोल गोल, माझं बोट फिरलं तसे. "काळं पडू दिलं असतंत तर जास्त दिले असते," म्हणाले. आकडा निम्म्यावर आला. राग आला, पण तो काकांचा नव्हे.

माझ्या आधी बोटीवर नोकरी करणारा एक मुलगा १९९५ चं अमेरिकन ईगल हे चांदीचं प्रूफ नाणं घेऊन बसला होता. त्यात 'डब्ल्यू' या टांकसाळीच्या अक्षराची ३०,१२५ च पाडली म्हणे, म्हणून ती दुर्मिळ. त्याच्यावर 'पी' निघालं, ती चार लाखांवर आहेत. बिचारा चहा न घेताच उठला.

पाहणीचे दोनशे रुपये घेतले, वाजवी. रबरबँड काढायला लावलं (त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते), डबीत ठेवायला सिलिका जेलची पुडी दिली आणि पावसाळ्यात ती बदलायची ताकीदही. तक्रारी दोनच. एक ते चार दुकान बंद, आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. नाही, तिसरी पण आहे. नाणं ३४ मिलिमीटरचं, कॅप्सूल (नाणं ठेवायची पारदर्शक गोल डबी) दिली ३५ ची, आत खुळखुळतं. योग्य मापाची आली की फोन करतो म्हणालेत, त्याला आता तीन आठवडे झाले.