स्तन काढल्यानंतर : इम्प्लांट, पोटाचा फ्लॅप की सपाट छाती?

मॅस्टेक्टॉमी, म्हणजे पूर्ण स्तन काढण्याची शस्त्रक्रिया ठरली, की पुनर्रचनेचा, म्हणजे स्तनाचा आकार पुन्हा घडवण्याचा प्रश्न त्याच गडबडीत समोर येतो आणि बहुधा ‘दिसायला काय चांगले’ अशा रूपात विचारला जातो. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन, म्हणजे बोलीत ज्याला ‘शेक’ म्हणतात, ते घ्यावे लागणार आहे का? पुढची बरीचशी तुलना या एका उत्तरावर फिरते.

इम्प्लांटची, म्हणजे स्तनाच्या जागी कृत्रिम पिशवी बसवण्याची शस्त्रक्रिया लहान असते, शरीरावर दुसरीकडे जखम होत नाही आणि घरी लवकर जाता येते. अनेकदा छातीच्या त्वचेखाली आधी एक्स्पांडर नावाची पिशवी बसवतात, तिच्यात दर एक-दोन आठवड्यांनी सुईने सलाइन भरून त्वचा हळूहळू ताणतात, आणि काही महिन्यांनी ती काढून सिलिकॉनचे इम्प्लांट बसवतात. त्याला ‘कायमचे’ म्हणण्याची पद्धत असली, तरी ते आयुष्यभर टिकेल असे कोणी गृहीत धरू नये. औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेचा सल्ला असा, की सिलिकॉन इम्प्लांट आतल्या आत फाटले आहे का हे पाहण्यासाठी, काही त्रास नसला तरी, पाच-सहा वर्षांनी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी संबंधित एका दुर्मीळ लिम्फोमामुळे (रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगामुळे) ॲलर्गन कंपनीने तशी इम्प्लांट्स २०१९ मध्ये जगभरातून परत मागवली. त्यामुळे आपल्याला बसवले जाणारे इम्प्लांट गुळगुळीत आहे की खरखरीत, हे विचारून त्याचे कार्ड जपून ठेवावे.

फ्लॅपमध्ये स्वतःचीच त्वचा आणि चरबी वापरतात. डीप फ्लॅप या प्रकारात बेंबीखालचा भाग रक्तवाहिन्यांसह उचलतात, पोटाचा स्नायू जागेवरच ठेवतात, आणि त्या वाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने जोडतात. शस्त्रक्रिया सहा-आठ तास सहज चालते. पहिल्या रात्री परिचारिका जवळजवळ तासातासाला येऊन फ्लॅपचा रंग पाहते, तो गरम आहे का हे हाताने तपासते, बोटाने दाबून रक्त परत किती वेळात भरते ते मोजते. कारण जोडलेली वाहिनी गुठळीने बंद झाली, तर रुग्णाला लगेच पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावे लागते. म्हणून सर्जनच्या हाताइतकीच रुग्णालयातली रात्रपाळी महत्त्वाची आहे, आणि ‘वर्षाला असे किती फ्लॅप करता, रात्री अडचण आली तर टीम हजर असते का’ हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. सिझेरियनचा व्रण असला तरी हा फ्लॅप बहुधा घेता येतो. पोटाची टमी-टक, म्हणजे सैल त्वचा आणि चरबी काढण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर मात्र नाही.

परिणामांचे सर्वांत उपयोगी आकडे अमेरिका आणि कॅनडातील ११ केंद्रांनी मिळून केलेल्या एमआरओसी या अभ्यासातून मिळतात. पुनर्रचना करून घेतलेल्यांपैकी जवळपास एक-तृतीयांश स्त्रियांना दोन वर्षांत काही ना काही गुंतागुंत झाली, हे आधी मनाशी धरावे. नुसत्या स्तनाच्या जागेवरील गुंतागुंती पाहिल्या, तर शेक न घेतलेल्यांमध्ये त्यांचे प्रमाण इम्प्लांटला सुमारे २२ टक्के आणि फ्लॅपला २८ टक्के होते, म्हणजे इम्प्लांट थोडे उजवे. शेक घेतलेल्यांमध्ये हे चित्र उलटले : इम्प्लांटला सुमारे ३९ टक्के, फ्लॅपला २६. पुनर्रचना पूर्णपणे फसण्याचे प्रमाण तर या गटात इम्प्लांटला जवळपास १९ टक्के आणि फ्लॅपला अवघा १ टक्का होते. शेकाने त्वचा आणि इम्प्लांटभोवतीचे आवरण आकसून कडक होते, तर फ्लॅपला स्वतःचा रक्तपुरवठा असतो. आपल्याकडे अनेक स्त्रिया आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर रुग्णालयात पोहोचतात आणि शेक लागण्याची शक्यता वाढते, त्यामुळे हा फरक आपल्यासाठी अधिकच मोलाचा आहे.

दोन वर्षांनंतरचे समाधान विचारले, तेव्हा स्तनाच्या रूपाबाबत फ्लॅपवाल्या स्त्रिया अधिक समाधानी होत्या. पोटाचा आराम मात्र शस्त्रक्रियेपूर्वीसारखा राहिला नव्हता. वजन वाढले-घटले तर फ्लॅपही शरीराबरोबर बदलतो, इम्प्लांट तेवढेच राहते. स्पर्शाची जाणीव मात्र दोन्हींत बहुतांशी हरवते, आणि ही गोष्ट आधी पुरेशा स्पष्टपणे सांगितली जात नाही असे मला वाटते.

पुनर्रचना न करणे हाही पूर्ण पर्याय आहे. शस्त्रक्रिया एकच, आणि केमो वा शेक लांबण्याची धास्ती कमी. उंची सारखी दिसावी म्हणून ब्लाउजच्या आत पॅड घालता येते : कापसाचे हलके पॅड दिवसभरात वर सरकते आणि ब्लाउज एका बाजूने उचलला जातो. वजनदार सिलिकॉनचे पॅड जागेवर राहते, पण उन्हाळ्यात घाम आणते. पुढे मन बदलले, तर काही वर्षांनीही फ्लॅप करता येतो. त्यामुळे कर्करोगाचे निदान झालेल्या त्याच आठवड्यात हा निर्णय घेतलाच पाहिजे, असे नाही.

खर्चाबाबत एक माहिती : भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असली, तरी कर्करोगानंतरची पुनर्रचना त्या वगळणीतून बाहेर ठेवलेली आहे. ‘कॉस्मेटिक’ म्हणून दावा नाकारला गेला, तर पॉलिसीतले तेच कलम दाखवावे, आणि पूर्वमंजुरी लेखी घ्यावी.

शेवटी तंबाखूविषयी. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप असो वा इम्प्लांटवरची त्वचा, जखम भरायला अडथळा येतो. ‘सिगारेट ओढता का’ या प्रश्नाला आपल्याकडच्या बहुतेक स्त्रिया खरेपणाने ‘नाही’ म्हणतात. मिश्री लावता का, हे त्यांना कोणी विचारत नाही. लावत असाल, तर सर्जनला स्वतःहून सांगा आणि शस्त्रक्रियेच्या किमान महिनाभर आधी ती बंद करा.